सेल काढून ठेवणाऱ्या बाई

नांदुऱ्याच्या ज्या कॉलेजात शैलजाबाई उमाळे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या, तिथे नवा प्राध्यापक रुजू झाला की त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. पिण्याच्या पाण्याची टाकी साडेदहाला रिकामी होते, आणि उमाळेबाईंच्या कपाटाला त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक भिंग फुटलं नव्हतं. लोलक जुन्या धोतराच्या तुकड्यात, चुंबक जोडीजोडीने, वायरींची वेटोळी रंगाप्रमाणे. घरातल्या मांडणीवर डबे लावावेत तशी त्यांची प्रयोगशाळा लावलेली असे.

ही शिस्त त्यांच्यात बोलणी खाऊन आली होती. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळी मीटरं सेलसकट कपाटात राहिली. जूनमध्ये उघडून पाहिलं तर सेल फुगलेले, त्यांतून पांढरं-हिरवं काहीतरी ओघळलेलं, आतल्या पट्ट्या खाऊन टाकलेल्या. अकरा मीटरं गेली. विभागप्रमुख सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "बारावी सायन्स झालेली बाई घेतली, तरी ही गत." त्यानंतर सुट्टी लागायच्या दिवशी सगळ्या उपकरणांतले सेल निघत. प्रत्येक सेल वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून, वर उपकरणाचा नंबर लिहून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. घरीही तेच. चार दिवस माहेरी जळगाव जामोदला जायचं असलं तरी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्या काढून ठेवत. नवरा अनंत तहसिलीत कारकून. तो परत आल्यावर कुलूप काढता काढता म्हणे, "आपण नसलो तं या घरात वेळबी बंद."

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षाच्या दोन वर्षं आधी कॉलेजला दोन मशीन मिळाली. कॉलेजचाच एक जुना विद्यार्थी पुण्यात हृदयाचा डॉक्टर होता, त्याने दिली. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या, मशीन स्वतः तपासून सांगतं की विजेचा झटका द्यायचा की नाही, आणि लागला तर देतं. नाव डिफिब्रिलेटर. कॉलेजात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही, सगळे 'शॉकची पेटी' म्हणत. एक पेटी प्राचार्यांच्या ऑफिससमोर व्हरांड्यात लागली, दुसरी मैदानाजवळ जिमखान्यात.

सांभाळायची कोणी, हा प्रश्न आला तेव्हा क्रीडाशिक्षक म्हणाले, मेडिकलचं आहे, माझ्याकडे नको. जीवशास्त्राचे सर म्हणाले, विजेचं आहे, भौतिकशास्त्राकडे द्या. प्राचार्य म्हणाले, "उमाळेबाईंच्या ताब्यात द्या. त्यांच्या हातात वस्तू गेली की आपण निर्धास्त."

शिकवायला माणूस आला तो रबरी छातीचा बाहुला घेऊन. एनएसएसची बारा मुलं-मुली आणि शैलजाबाई. माणूस हिंदीतून भरभर बोलत होता, त्याला अडीचची गाडी पकडायची होती. पेटीला कुलूप लावू नका. दर सोमवारी हिरवा दिवा लुकलुकतो का पाहा आणि कार्डावर सही करा. पट्ट्यांची तारीख संपायच्या आत नव्या मागवा. शैलजाबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. सोबतची इंग्रजी पुस्तिका प्राचार्यांनी जपून ठेवतो म्हणून आपल्या कपाटात ठेवली आणि ती तिथेच राहिली.

सोमवार त्यांनी एकही चुकवला नाही. ऊन असो, पाऊस असो, आधी व्हरांडा, मग मैदान ओलांडून जिमखाना. पेटीची काच ओल्या फडक्याने पुसायच्या, दिवा पाहायच्या, सही करायच्या. आणि सुट्टी लागली की दोन्ही पेट्यांची बॅटरी काढून बिस्किटांच्या डब्यात. एवढं महागाचं मशीन, महिना महिना कोणी फिरकणार नाही, उगाच आत बॅटरी गळली तर? सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी परत घालायच्या. हिरवा दिवा यायचा. चार सुट्ट्या असंच झालं आणि चारही वेळा दिवा आला.

या सोमवारच्या फेरीत त्यांना युसूफभाई हटकून भेटत. युसूफ कॉलेजचा वायरमन. शैलजाबाईंच्या मागोमाग दोन वर्षांनी लागलेला, निमगावहून सायकलने आणि पुढे जुन्या मोटारसायकलवर येणारा. गावात तीन एकर शेत होतं. हजेरीवर सही करताना त्याच्या बोटांना माती आणि इन्सुलेशन टेपचा चिकटा दोन्ही असायचं.

"बाई, दुखनं आलं का तुमच्या लेकराले?" पेटीकडे हात करून तो विचारी.

"नजर नका लावू त्याले."

"हे मेलेल्याले उठवते म्हनते. मंग आमच्या पऱ्हाटीले लावून पाहा एकडाव."

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाहेरून अशी होती की रस्त्याने जाणाऱ्याने मालकाचा हेवा करावा. झाडं कमरेच्या वर, बोंडं लगडलेली. पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि रुई काळपट, कवडी झालेली. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून तर ते घ्यायचं, आणि हीच अळी त्याच बोंडात बसलेली. युसूफभाईने एकदा खिशातून बोंड काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर फोडलं होतं. शैलजाबाईंनी भिंग दिलं. तो वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "पाहा ना, कशी पडून राह्यली जावायासारखी."

मग निघाला 'जी' नावाचा सरकारी फॉर्म. बियाणं फसलं अशी तक्रार करायची तर तो फॉर्म भरायचा, सातबारा जोडायचा, बियाण्याची पावती जोडायची. तालुक्याच्या कृषी कार्यालयात उभं राहायला जागा उरली नाही, तेव्हा कॉलेजचं सभागृह मागितलं गेलं. सुट्ट्या चालू होत्या, हॉल मोकळाच होता. एनएसएसच्या मुलांनी टेबलं मांडली आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरून द्यायला बसली. प्राचार्यांनी शैलजाबाईंना फोन केला, "जरा येऊन बसा बाई, मुलं आहेत, देखरेख हवी."

सभागृहात त्या दिवशी कापसाचा वास होता. लोकांनी पुरावा म्हणून किडकी बोंडं कॅरीबॅगमधून आणली होती, ती कोणी मागत नव्हतं. युसूफभाई सकाळी आला तो आधी माइकची वायर जोडायला, मग स्वतःही रांगेत लागला. बियाण्याची पावती त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, अशी आणली होती.

"सकाळपासून छातीत जळून राह्यलं," तो शैलजाबाईंना म्हणाला. "भावाच्या घरी भजे खाल्ले काल."

"भजे कशाले खाता मग? बसा खाली. रांग मी धरतो तुमची."

"बाईमानसाले रांगेत उभं करून मी बसू काय? लोक काय म्हनतीन."

टेबलाशी त्याचा नंबर आला. समोर स्वरदा होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, बाहुल्यावर शिकलेल्या बारांपैकी एक. तिने शेताचा गट नंबर विचारला. युसूफभाई आकडा सांगता सांगता थांबला, टेबलाची कड धरली आणि टेबलासकट खाली आला. फॉर्म, पेन, बोंडांची पिशवी सगळं त्याच्या अंगावर.

स्वरदाने वेळ घालवला नाही. त्याच्या नाकाशी हात धरला, हलवून पाहिलं, एका मुलाला एकशेआठला फोन लावायला सांगितलं आणि गुडघ्यावर बसून छाती दाबायला लागली. दाबता दाबताच ओरडली, "बाई, पेटी."

शैलजाबाई निघाल्याच होत्या. पायऱ्या उतरून, पटांगण ओलांडून व्हरांड्यात यायला त्यांना मिनिटही लागलं नसेल. पण पेटी दिसायच्या आधी, पटांगणाच्या मध्यावरच त्यांना आठवलं. पाय तरी तसेच पुढे गेले. काचेमागे पेटी होती, पुसलेली, चकचकीत. दिवा नव्हता. जिमखान्यातही नसणार होता. दोन्ही बॅटऱ्या पहिल्या मजल्यावर, भौतिकशास्त्राच्या स्टोअरमध्ये, बिस्किटांच्या डब्यात. स्टोअरला कुलूप. किल्ली पर्समध्ये. पर्स सभागृहात खुर्चीवर.

त्या परत सभागृहात आल्या तेव्हा गर्दीने त्यांना वाट करून दिली. सगळ्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हातात पेटी होती, पण त्यांनी ती स्वरदाजवळ ठेवली आणि खुर्चीकडे धावल्या.

"बाई, हे चालू होत नाही," मागून स्वरदा म्हणाली.

त्यांनी पर्स उचलली आणि पळाल्या. एकोणपन्नास वर्षांचं शरीर, गुडघे दोन वर्षांपासून दुखणारे, जिन्याच्या पायऱ्या उंच. कुलूप पहिल्या किल्लीने उघडलं नाही, दुसऱ्या किल्लीने उघडलं. डब्याचं झाकण गच्च बसलं होतं, ते त्यांनीच बसवलं होतं. आत गुंडाळ्याच गुंडाळ्या, प्रत्येकीवर त्यांचं वळणदार अक्षर. शॉकपेटी क्र. १, व्हरांडा.

खाली सभागृहात येऊन त्यांनी बॅटरी बसवल्यावर मशीनने आधी स्वतःची तपासणी केली. त्याला किती सेकंद लागले ते त्यांना सांगता आलं नसतं. मग ते इंग्रजीत बोलायला लागलं, शांत बाईच्या आवाजात. पट्ट्या लावा. रुग्णाला हात लावू नका. सगळे मागे सरले. मशीन म्हणालं, झटका देण्यासारखी स्थिती नाही, छाती दाबणं चालू ठेवा. स्वरदा पुन्हा दाबायला लागली. ती दमल्यावर एका मुलाने दाबलं, मग पुन्हा तिने. दर दोन मिनिटांनी मशीन तेच सांगत राहिलं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तिच्यातल्या डॉक्टरने पट्ट्या काढल्या नाहीत, तसंच उचलून नेलं. सरकारी दवाखान्यात पोचल्यावर युसूफभाईला मृत घोषित केलं.

पुण्याच्या डॉक्टरकडे पाठवायचा एक फॉर्म होता. मशीन कधी वापरलं, कोणावर, किती वेळात. शैलजाबाईंनी हिशेब काढला. मुलाच्या मोबाइलवर एकशेआठचा फोन अकरा बेचाळीसचा. मशीनच्या आतल्या नोंदीत ते सुरू झालेलं अकरा एक्कावन्नला. त्यांनी लिहिलं, नऊ मिनिटं.

प्राचार्यांनी वाचलं. "नऊ? व्हरांडा तर समोरच आहे."

"बॅटरी काढलेली होती सर. सुट्टी म्हणून मीच काढून ठेवली होती."

प्राचार्यांनी पंखा बंद केला, कागद उडत होते म्हणून. मग कपाटातून ती पुस्तिका काढली, चाळली, आणि एका पानावर बोट ठेवून तिथेच थांबले. शैलजाबाईंना वाचायला सांगितलं नाही. त्यांनी उलट्या बाजूने वाचलं. बॅटरी बदलण्याखेरीज कधीही काढू नये, जाड अक्षरात.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला. बाकीच्यांना वाटतं, बॅटरी उतरली होती म्हणून दुसरी आणली."

"मग एवढ्यावरच राहू द्या. दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले की युसूफचं हृदय पूर्णच थांबलं होतं. मशीन लगेच लागलं असतं तरी काय झालं असतं, कोणी सांगू शकत नाही. तुम्ही मुद्दाम केलं का? नाही. लायब्ररीसाठी अजून दोन मशीन येणार आहेत, देणारे लोक उगाच बिथरतील." त्यांनी पेन पुढे केलं. "तात्काळ लिहा."

शैलजाबाईंनी लिहिलं. वळणदार.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले की कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यासाठी मनुष्याला शक्य ते सगळं केलं, आणि उमाळेबाई या वयात ज्या धावल्या ते सगळ्यांनी पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या. घरी अनंतने ऐकून घेतलं आणि ताटातली भाकरी मोडत म्हणाला, "साहेब बराबर बोलले. तू सांगून कोणाचं भलं होणार हाये? तोंड बंद ठेव." मग थोड्या वेळाने, "वरण दे."

त्या तोंड बंद ठेवू शकल्या असत्या. पण सुट्टी संपल्यावर एक दिवस स्वरदा प्रयोगशाळेत आली. प्रॅक्टिकल नव्हतं. दारातच उभी राहिली.

"बाई, एक विचारू? माझं दाबणं चुकलं का? ते शिकवणारे म्हणाले होते, दोन इंच आत गेलं पाहिजे. मी घाबरून कमी दाबलं असेल."

"नाही बाळा. तुझं बरोबर होतं."

"मग मशीन का चालू झालं नाही आधी? मी चुकीचं बटण दाबून बॅटरी उतरवली का, म्हणून तुम्ही दुसरी आणली?"

"नाही," शैलजाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. बाहेरून विभागप्रमुखांनी हाक मारली आणि स्वरदा निघून गेली. ती नंतर प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करायची, सूक्ष्ममापीचं वाचन चारचारदा घ्यायची.

तेव्हा शैलजाबाईंनी ठरवलं की सांगायचं, आणि पहिल्यांदा ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगायचं. युसूफभाईची बायको गौसिया. युसूफभाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी शैलजाबाई निमगावला जाऊन आल्या होत्या, पण घर बायकांनी भरलेलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा मुलगी मलिहा सासरहून आलेली, रडून तिचा घसा बसलेला. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा गौसियाभाभी एकट्या होत्या. इद्दतीचे दिवस, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, म्हणून आतल्या खोलीत बसून तांदूळ निवडत होत्या. मागच्या दारातून शेत दिसत होतं. दिराने कपाशीत शेळ्या सोडल्या होत्या.

"फॉर्मचं काय झालं?" शैलजाबाईंनी विचारलं, कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून.

"साहेब लोक येऊन गेले पाहायले. म्हने ज्याच्या नावानं हाये तो पाह्यजे. मी म्हनलं, कब्रस्तानात हाये, तिथी जाऊन इचारा." त्या तांदळातून खडा काढून बाजूला ठेवत होत्या. "चहा ठेवू?"

"भाभी, बसा. मले बोलायचं हाये."

आणि शैलजाबाईंनी सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यातल्या अकरा मीटरांपासून नाही, सरळ बॅटरीपासून. मी काढून ठेवली होती. मला आणायला वेळ लागला. नऊ मिनिटं लागली. साहेबांनी मशीनच्या फॉर्मवर तात्काळ लिहायला लावलं आणि मी लिहिलं.

गौसियाभाभी ऐकत होत्या. सूप मांडीवर तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, त्या उठून जातील, हाकलतील, यातलं काहीही आलं असतं तर शैलजाबाई त्याला तयार होत्या.

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "परवा कृषी केंद्रवाला आला होता. इथंच बसला, तुम्ही बसल्या तिथी. रडला. म्हने हे बियानं मीच देल्लं, मीच म्हनलं का यंदा काही भेव नाई. त्याच्या अगोदर याईचा भाऊ. म्हने भजे मीच खाऊ घातले, दवाखान्यात न्याले पाह्यजे होतं. आता तुम्ही. सारे आपआपलं आनून मह्या पदरात टाकून राह्यले. मी कोनाकोनाले माफ करू?"

"मी माफी मागायले नाही आली भाभी."

"मंग कायले आल्या?"

खरं तर शैलजाबाई माफीच मागायला आल्या होत्या.

गौसियाभाभींनी सूप खाली ठेवलं. "मले एकच सांगा. तुम्ही जवळ होत्या. ते काही बोलले का? कलमा म्हनला का? पानी मांगलं का? मर्दाईले इचारलं, कोनी बराबर सांगत नाई."

"मी जवळ नव्हती," शैलजाबाई म्हणाल्या. "मी तवा जिन्यात होती."

"मंग कोन होतं?"

"एक पोरगी होती. कॉलेजची. तिनं शेवटपर्यंत हात सोडला नाही."

"तिले घेऊन या. येत्या शुक्रवारी. मले तिच्याशी बोलायचं हाये."

काळीपिवळीने नांदुऱ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या शैलजाबाईंनी स्वरदाला फोन लावला.

"कशाला बोलावलं बाई? त्यांचा माझ्यावर राग आहे का?"

"नाही. थांब, आधी ऐक." आणि स्टँडवरच्या बाकावर बसून, मेहकरची गाडी लागल्याची घोषणा चालू असताना, त्यांनी तिलाही सांगितलं.

"म्हणजे मी दाबत होते तेव्हा," स्वरदा म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "बाई, मी इतके दिवस झोपले नाही."

"मला माहीत आहे."

"माहीत होतं तुम्हाला." हा प्रश्न नव्हता. "त्यांना काय सांगू मी? ते काही बोलले नाहीत. दोनदा घशातून आवाज आला फक्त. मला वाटलं श्वास आला, म्हणून मी थांबले एकदा. हे सांगू त्यांना? मी नाही येणार बाई. मला नाही जमणार."

शैलजाबाईंनी समजावलं नाही.

शुक्रवारी त्या एकट्याच निमगावला गेल्या. गौसियाभाभींनी आज अंग धुऊन पांढरी ओढणी घेतली होती, खाटेवर धुतलेली चादर टाकली होती. ट्रेमध्ये तीन कप मांडलेले, मधल्या वाटीत शेंगदाण्याची चिक्की, तरुण पोरीला आवडेल म्हणून. त्यांनी शैलजाबाईंच्या मागे दाराकडे पाहिलं.

"पोरगी मांगून येऊन राह्यली काय?"

"नाही भाभी. ती नाही येत."

गौसियाभाभींनी दोन कपांत चहा ओतला, तिसरा कप उचलून मांडणीवर पालथा ठेवला आणि शैलजाबाईंच्या समोर येऊन बसल्या. दोघी चहा प्यायल्या. चिक्कीला कोणी हात लावला नाही.